विद्युत् मोटारगाडी : अतिशीत हवामानातील भारण

विद्युत् घटमालेवर चालणाऱ्या मोटारगाडीच्या घटमालेत गोठणबिंदूच्या आसपास वा त्याखालील तापमानास विद्युत् ऊर्जा भरण्याची क्रिया. या स्थितीत भारणास नेहमीपेक्षा बराच अधिक वेळ लागतो आणि योग्य नियंत्रण नसल्यास घटमालेस कायमची इजा पोहोचते.

आधुनिक विद्युत् मोटारींत मुख्यतः लिथियम-आयन घट वापरतात. हे घट १९९१ मध्ये प्रथम व्यापारी प्रमाणावर विक्रीस आले. त्यांच्या विकासाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या शास्त्रज्ञांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. भारण होत असताना लिथियमाचे आयन धन अग्राकडून द्रवरूप विद्युत् विच्छेद्यातून ऋण अग्राकडे जातात व तेथील ग्रॅफाइटाच्या थरांमध्ये शिरतात. तापमान उतरले की, विच्छेद्याची श्यानता (दाटपणा) वाढते, आयनांची गती मंदावते आणि घटाचा अंतर्गत रोध वाढतो. ग्रॅफाइटात आयन शिरण्याची क्रियाही मंद होते. अशा वेळी मोठा प्रवाह सोडल्यास आत शिरू न शकलेले आयन ग्रॅफाइटाच्या पृष्ठावर धातुरूप लिथियमाच्या स्वरूपात साचतात. या लिथियमाचा काही भाग पुन्हा उपयोगी पडत नाही, त्यामुळे घटाची धारणक्षमता कायमची घटते. तसेच या थरातून वाढणारे सुईसारखे स्फटिक विभाजक पटलास भेदून मंडलसंक्षेप घडवू शकतात. थंडीमुळे मोटारीचा पल्ला कमी होतो, तो मात्र बव्हंशी तात्पुरता असतो. घटमाला ऊबदार झाली की, तो पूर्ववत होतो.

हा धोका टाळण्यासाठी घटमालेचे नियंत्रक यंत्र ०° से. खाली भारणाचा प्रवाह कमी करते किंवा थांबवते. परिणामी जलद भारण केंद्रावरही आरंभी ऊर्जेचा काही भाग घटमाला तापविण्यातच खर्च होतो. यांशिवाय एंजिनाची वाया जाणारी उष्णता विद्युत् मोटारीत उपलब्ध नसल्याने प्रवाशांचा कक्षही घटमालेच्याच ऊर्जेवर तापवावा लागतो. जोडणीच्या खोबणीचे झाकण बर्फाने गोठून बसणे, ही आणखी एक अडचण होय.

जानेवारी १९६२ मध्ये मुंबईतील सांताक्रूझ येथे ७·४° से. इतके नीचतम तापमान नोंदले गेले. मुंबई–गोवा महामार्गावरील शिरढोण (ता. पनवेल, जि. रायगड) यासारख्या कोकणातील गावी गोठणबिंदूचा प्रश्न उद्‌भवत नाही, तेथे घटमालेस थंडीपेक्षा उष्णतेचाच अधिक त्रास होतो. निफाड परिसरातील कडक थंडीतही पारा शून्याखाली जाणे विरळाच. परंतु अशा गावाहून हिवाळ्यात लाहूल किंवा लडाखकडे मोटार नेणाऱ्यास निराळीच परिस्थिती भेटते. तेथे उणे तापमानात रात्रभर उभी राहिलेली मोटार सकाळी जलद भारण स्वीकारीत नाही. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील शिकागो परिसरात तीव्र थंडीची लाट आली, तेव्हा भारण केंद्रांपुढे रांगा लागल्या व ऊर्जा संपून बंद पडलेल्या काही मोटारी ओढून न्याव्या लागल्या. याउलट, नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे ८९ टक्के मोटारी विद्युत् होत्या. तेव्हा शीत हवामान हा अनुल्लंघनीय अडथळा नसून तो योग्य सोयी व सवयी यांनी ओलांडता येतो, हे स्पष्ट होते.

यावरील उपायांत केंद्रावर पोहोचण्यापूर्वीच घटमाला तापविणे, हा सर्वांत महत्त्वाचा आहे. प्रवास संपताच, म्हणजे घटमाला ऊबदार असतानाच भारण करणे, रात्री मोटार बंदिस्त जागेत जोडून ठेवणे आणि घटमाला अगदी रिती होऊ न देणे, हेही उपयुक्त ठरते. कक्ष तापविण्यासाठी साध्या विद्युत् तापकाऐवजी उष्णता पंप वापरल्यास ऊर्जेची बचत होते. मात्र अतितीव्र थंडीत त्याची कार्यक्षमता उतरते. कमी तापमानात अधिक समाधानकारक काम देणारे सोडियम-आयन घटही विकसित होत आहेत.