डीव्हीडी ‘फोर-के’ होत नाही

‘या प्लेयरला एचडीएमआय आहे, अपस्केलिंग आहे, म्हणजे जुनी डीव्हीडी आता फोर-के दिसणार.’ दुकानदार हेच सांगतो, घरातला जाणकार भाचाही हेच सांगतो. किती वेळा खोडून काढायचं?

आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर एका चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे साधारण ४ लाख १५ हजार ठिपके असतात. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळजवळ ८३ लाख. बरोबर वीसपट! पडदा भरायचा तर दर २० ठिपक्यांतले १९ शेजारच्यांवरून हिशेबाने भरावे लागतात. अपस्केलिंग म्हणजे एवढंच. पोळी कितीही मोठी लाटा, कणीक तेवढीच राहते. शिवाय हे काम तुमचा टीव्ही मुळातच करतो, नाहीतर चित्र पडद्याच्या मधोमध इवलंसं दिसलं असतं. प्रश्न उरतो तो प्लेयरचा हिशेब चांगला की टीव्हीचा, एवढाच. प्लेयरच्या सेटिंगमध्ये एकदा ५७६, एकदा १०८० ठेवून तोच प्रसंग पाहा. हलत्या हाताच्या कडेला आडव्या रेघा सुटत असतील, तर तो हिशेब कच्चा.

खरा फरक पडतो तो वायरीने. डीव्हीडीवर उजेड आणि रंग वेगवेगळे नोंदलेले असतात. पिवळ्या पिनेची वायर ते एकत्र कालवते आणि टीव्हीला ते पुन्हा वेगळे करावे लागतात. अक्षरांच्या कडेला सरपटणारे ठिपके दिसतात ते त्यामुळे. प्लेयरला हिरवी-निळी-लाल जॅक असतील आणि टीव्हीलाही ती सोय असेल, तर ती वापरा.

महागड्या एचडीएमआय केबलने चित्र सुधारत नाही. शार्पनेस वाढवल्याने तपशील येत नाही, कडांना पांढरी किनार येते. ४:३ चं चित्र ताणून पडदा भरला, तर माणसं जाडी दिसतात, बाकी काही नाही. ‘पथेर पांचाली’ हा जुना सिनेमा फोर-केमध्ये आला तो फिल्मच्या जळालेल्या निगेटिव्ह दुरुस्त करून, नव्याने स्कॅन करून. तिथे तपशील मुळात होता.

‘एआय हरवलेला तपशील परत आणतो’ हा समज मात्र मला धोक्याचा वाटतो. जुन्या व्हीएचएस टेपवर आडव्या दिशेने जेमतेम २४० रेषांचा तपशील मावतो, रंगाचा त्याहून कितीतरी कमी. लग्नाच्या टेपमध्ये मांडवाच्या टोकाला बसलेल्या आजीचा चेहरा म्हणजे मोजके पुसट ठिपके. एआय तिथे रेखीव डोळे काढतो, पापण्याही काढतो. ते डोळे आजीचे नसतात; इतर हजारो चेहऱ्यांवरून बेतलेले असतात. मुंडावळ्यांच्या मोत्यांचीही तीच गत.

म्हणून टेप आधी आहे तशी फाइलमध्ये उतरवून घ्या, शक्यतो उजेड आणि रंग वेगळे पाठवणारा एस-व्हिडिओ जॅक असलेल्या व्हीसीआरवरून. शेवटपर्यंत व्हीसीआर बनवणाऱ्या फुनाई कंपनीनेही २०१६ मध्ये ते थांबवलं. चालू स्थितीतली यंत्रं कमी होत चालली आहेत. एआयचे प्रयोग त्या फाइलच्या प्रतीवर करा. मूळ फाइल पुसू नका, आणि टेपही टाकू नका.