शिंपल्याची किंमत

समुद्राचं आम्लीकरण समजावून सांगताना अंड्याचं कवच व्हिनेगरमध्ये टाकून दाखवण्याची पद्धत पडली आहे. कवच फसफसतं, पातळ होत जातं आणि बघणाऱ्याच्या मनात एक चित्र पक्कं बसतं: हवेतला कार्बन डायऑक्साइड समुद्रात मुरणार, पाणी आंबट होणार आणि शिंपल्या-कालवं विरघळून जाणार. प्रयोग खरा असला तरी चित्र दिशाभूल करणारं आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू, म्हणजे पीएच, साधारण 8.2 होता, आज तो 8.1 च्या आसपास आहे. 7 च्या वरचं पाणी अल्कधर्मीच म्हणायचं. त्यामुळे ‘एवढ्याशा फरकाने काय बिघडतं?’ असं कुणी विचारलं तर ते अडाणीपणाचं नाही. त्यावर ठरलेलं उत्तर असं की ही मोजपट्टी लॉगरिदमची असते आणि 0.1 ची घट म्हणजे हायड्रोजन आयनांमध्ये पंचवीस ते तीस टक्क्यांची वाढ. उत्तर बरोबर आहे, पण प्राण्याच्या अंगात काय घडतं हे त्यातून कळत नाही. माझ्या मते खरं नुकसान ऊर्जेच्या जमाखर्चात शोधायला हवं. कवच विरघळण्याची वेळ येण्याच्या कितीतरी आधी प्राण्याचा जगण्याचा खर्च वाढलेला असतो.

माशापासून सुरुवात करू, कारण त्याला कवचच नसतं. पाण्यात विरघळलेला प्राणवायू हवेतल्या प्राणवायूच्या तुलनेत फारच थोडा. तो मिळवायला माशाला कल्ल्यांवरून सतत प्रचंड पाणी खेळवावं लागतं आणि त्या ओघात रक्तातला कार्बन डायऑक्साइड आपोआप धुऊन जातो. त्यामुळे माणसाच्या रक्तात या वायूचा दाब पाऱ्याच्या 40 मिलिमीटरच्या आसपास असतो, तर माशाच्या रक्तात जेमतेम 2 ते 4. आजच्या समुद्राच्या पृष्ठभागाच्या पाण्यात तो साधारण 0.3 मिलिमीटर आहे. तो दुप्पट झाला तर माणसाच्या हिशेबात ही वाढ एका टक्क्याचीही नाही. माशाच्या हिशेबात ती दहा टक्क्यांच्या आसपास जाते. रक्तातला वायू बाहेर जायचा तर आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असावाच लागतो, म्हणून बाहेर वाढला की आतही वाढतो आणि रक्ताचा सामू घसरतो. जोरजोरात श्वास घेऊन माणूस तो सावरू शकतो. माशाकडे ही सोय नाही, तो आधीच कल्ल्यांवरून भरपूर पाणी नेत असतो. मग कल्ल्यांतल्या पेशी क्लोराइड बाहेर टाकून बायकार्बोनेट आत घेतात आणि काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत, सामू पूर्ववत करतात. मासा तगतो, मात्र आयनांचे हे पंप फुकट चालत नाहीत. शिवाय मासा त्या पाण्यात असेपर्यंत अंगातलं वाढलेलं बायकार्बोनेट वाढलेलंच राहतं. याचा एक मजेशीर पुरावा 2009 साली कॅलिफोर्नियात मिळाला. जास्त कार्बन डायऑक्साइड असलेल्या पाण्यात वाढवलेल्या व्हाइट सीबास माशाच्या पिल्लांच्या कानातले खडे नेहमीपेक्षा मोठे निघाले. हे खडेही कॅल्शियम कार्बोनेटचेच. व्हिनेगरचं चित्र डोक्यात ठेवलं तर या निष्कर्षाचा अर्थच लागत नाही.

कवच बांधणाऱ्यांकडे वळलं की हाच हिशेब जास्त कठोर होतो. कॅल्शियम कार्बोनेटचा कण बनतो तेव्हा हायड्रोजन आयन सुटे होतात आणि बांधकामाच्या जागेवरून ते उपसून बाहेर टाकावे लागतात. बाहेरच्या पाण्यात ते जितके जास्त, तितका उपसा महाग. अमेरिकेत ओरेगनच्या किनाऱ्यावर नेटार्ट्स उपसागरात व्हिस्की क्रीक ही कालवांची हॅचरी आहे. 2007 च्या सुमारास तिथे पॅसिफिक कालवाच्या अळ्या कोट्यवधींनी मरू लागल्या. आधी संशय जीवाणूंवर गेला. पुढे ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांसोबत पाणी मोजल्यावर दिसलं की वाऱ्यांमुळे खोल समुद्रातलं, कार्बन डायऑक्साइडने भरलेलं पाणी वर येतं आणि ते टाक्यांत घेतलं गेलं की त्या पाण्यातली पिढी खुंटते. इथे नीट पाहण्यासारखी गोष्ट अशी: अळीचं कवच अरॅगोनाइटचं, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्याच एका रूपाचं असतं आणि पाण्यातली त्याची संपृक्तता 1 च्या खाली गेल्याशिवाय ते आपण होऊन विरघळत नाही. अळ्यांचं गणित मात्र त्याच्या बरंच वर, 1.5 ते 2 च्या दरम्यानच कोलमडत होतं. म्हणजे ज्या पाण्यात कवच टिकायला हवं, त्याच पाण्यात जीव टिकत नव्हता. कारण त्यांच्या वयात आहे. अंडं फळल्यावर पहिल्या दोन दिवसांत कालवाची अळी आपलं पहिलं कवच घाईघाईने बांधते, त्या वेळी तिला धड खाता येत नसतं आणि सगळा खर्च अंड्यातल्या शिदोरीतून चालतो. बांधकाम महागलं की शिदोरी आधी संपते. ती अळी उपासमारीने मरते.

हा खर्च मोठ्या प्राण्यांतही मोजला गेला आहे. 2008 साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी ब्रिटल स्टार या तारामाशाच्या भाऊबंदावर प्रयोग केला. आम्लाकडे झुकलेल्या पाण्यात या प्राण्याने कवचबांधणी कमी न करता उलट वाढवली. वरवर पाहता तो सुखरूप होता, पण हातांमधले स्नायू झिजले होते. कॅलिफोर्नियातल्या सी अर्चिनच्या अळ्यांवरचा 2015 सालचा अभ्यास तर जास्तच बोलका आहे. त्या अळ्यांच्या आकारात फरक दिसला नाही, परंतु प्रथिनं तयार करणं आणि आयनांची ने-आण करणं ही दोन कामं सुमारे दीडपट वाढली आणि उपलब्ध ऊर्जेतला 84 टक्के वाटा त्यांतच गेला. उरलेल्या 16 टक्क्यांत पोहणं, रोगाशी झगडणं, उष्ण पाण्याची लाट सोसणं हे सगळं बसवायचं. प्रयोगशाळेच्या टाकीत ते बसतं, कारण तिथे यातलं फारसं काही करावंच लागत नाही.

आक्षेप घेणारे म्हणतील, काही प्राण्यांना तर फायदाच होतो. खरं आहे. 2009 साली अठरा जातींवर झालेल्या एका अभ्यासात दहा जातींची कवचबांधणी मंदावली, तर खेकडा, लॉब्स्टर, कोळंबी यांच्यासह सात जातींची काही पातळ्यांवर वाढली. जर्मनीतल्या कील खाडीत कार्बन डायऑक्साइड भरपूर असूनही शिंपले जोमाने वाढतात. पण त्याच खाडीत झालेल्या अभ्यासाने कारणही सांगितलं: तिथे खायला मुबलक आहे. उत्पन्न चांगलं असेल तर वाढलेला खर्च जाणवत नाही, हे माझ्या मुद्द्याला बळकटी देणारंच आहे. आणि ब्रिटल स्टारचा अनुभव पाहता जाड कवच म्हणजे सुदृढ प्राणी असं समीकरण मांडता येत नाही. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. आम्लीकरणाने प्रवाळातल्या माशांचा वास ओळखण्याचा मेळच बिघडतो, ते शिकाऱ्याकडेच पोहत जातात, असे निष्कर्ष एका काळी खूप गाजले. 2020 साली ‘नेचर’मध्ये आलेल्या मोठ्या फेरतपासणीत ते टिकले नाहीत. हे मोकळेपणाने मान्य करावं. सनसनाटी निष्कर्ष गळून पडला म्हणून कल्ल्यांचा आणि अळ्यांचा पुरावा गळत नाही. तो वेगळ्या मोजमापांवर उभा आहे. राहिला प्राचीन समुद्रांचा दाखला. क्रिटेशियस काळात हवेत कार्बन डायऑक्साइड आजच्यापेक्षा बराच जास्त होता आणि तरीही खडूचे जाड थर साचले. तेव्हा बदल इतका सावकाश होता की खडकांची झीज आणि समुद्रतळावरचा चुना मिळून पाण्याचा समतोल राखू शकत. त्या दुरुस्तीला हजारो वर्षं लागतात. आपण हा बदल दोन-अडीच शतकांत करत आहोत.

आपल्या किनाऱ्याचा या सगळ्याशी संबंध थेट आहे. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत खालचं, प्राणवायू कमी असलेलं पाणी उथळ भागात चढतं. गोव्यातली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था कित्येक वर्षं त्याचा अभ्यास करते आहे. पाण्यातला प्राणवायू जीवांच्या श्वसनात संपतो तेव्हा तिथे कार्बन डायऑक्साइड साठतो, म्हणून कल्ल्यांवर दोन्ही बाजूंनी एकाच वेळी ताण येतो. त्याच दिवसांत खाड्यांमध्ये पावसाचं गोडं पाणी भरतं आणि कालवं-तिसऱ्यांना खारेपणाच्या चढउताराशी जुळवून घेण्याचा खर्च वेगळा करावा लागतो. ओरेगनच्या हॅचरीने यावर तोडगा काढला: पाणी सतत मोजायचं, शक्यतो दुपारी भरायचं, कारण उन्हात पाण्यातल्या वनस्पती कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात, आणि गरज पडली की त्यात धुण्याचा सोडा मिसळायचा. टाकीपुरतं हे जमतं. खाडीत सोडा टाकता येत नाही, पण मोजणं तिथेही शक्य आहे. कोकणात किती टन मासळी उतरली याचे आकडे आपण ठेवतो. त्यांच्या जोडीला खाड्यांचा सामू, विरघळलेला कार्बन आणि प्राणवायू बारमाही नोंदवला जावा, आणि तोही कालवं-तिसऱ्यांच्या अळ्या पाण्यात असतात त्या आठवड्यांत सर्वांत बारकाईने, अशी मागणी मच्छीमार संस्थांनी आणि किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींनी मत्स्यव्यवसाय विभागाकडे करायला हवी.