डोळ्यांनी ऐकलेलं गाणं

घरातला माळा धुंडाळलात तर एखादी जुनी सीडी नक्की सापडेल. १९९० च्या सुमाराला अमेरिकेतले काही गाणंवेडे लोक या तबकडीच्या कडेला हिरवा मार्कर फिरवत बसायचे. कशासाठी? तर म्हणे त्यामुळे गाणं जास्त छान ऐकू येतं! त्यासाठी खास हिरवी पेनंसुद्धा बाजारात आली होती.

त्यांचं म्हणणं वरवर अगदी शास्त्रीय वाटायचं. सीडी वाचायला लेसर लागतो. त्यातला थोडा उजेड तबकडीत भरकटतो, कडेवर आपटून परत येतो आणि गोंधळ घालतो. लेसर लाल, मग हिरवा रंग तो उजेड पिऊन टाकणार!

चला, तपासून बघू या. पहिली गोष्ट, सीडीचा लेसर अवरक्त असतो, म्हणजे लाल रंगाच्याही पलीकडचा. त्याची तरंगलांबी असते सुमारे ७८० नॅनोमीटर. आणि जे हिरवं दिसतं, ते अवरक्त उजेड शोषेलच असं कुणी सांगितलं? झाडाची हिरवीगार पानं तर तो भरपूर प्रमाणात परत फेकतात. म्हणूनच उपग्रहांना वरून हिरवी शेतं ओळखता येतात.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. सीडीवर गाणं आकड्यांच्या रूपात असतं. डाव्या आणि उजव्या स्पीकरसाठी आवाजाची दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजणी केलेली असते. ती मापं शून्य आणि एक या दोनच अंकांत लिहिलेली असतात. शिवाय ओरखड्यामुळे काही अंक हुकलेच, तर ते दुरुस्त करायला जादाचे अंकही असतात. पाढा निळ्या शाईने लिहा नाहीतर काळ्या, सात आठे छप्पनच! अंक बरोबर वाचले गेले की गाणं तेच.

मग ते लोक थापा मारत होते का? मुळीच नाही! त्यांना फरक खरोखरच ऐकू येत होता. गंमत तिथेच तर आहे.

१९७६ मध्ये हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड या शास्त्रज्ञांनी एक प्रयोग जाहीर केला. पडद्यावरच्या व्यक्तीचे ओठ ‘गा’ म्हणत होते, पण आवाज जोडला होता ‘बा’चा. बघणाऱ्यांपैकी बहुतेकांना ऐकू आलं ‘दा’! डोळे मिटले की पुन्हा स्वच्छ ‘बा’. म्हणजे आपला मेंदू एकट्या कानांचं ऐकत नाही. डोळ्यांनी पाहिलेलंही तो त्यात मिसळतो.

आणि वस्तूचा रुबाबसुद्धा! फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनितज्ज्ञांनी १९९४ मध्ये ४० जणांना वेगवेगळे स्पीकर ऐकवले आणि गुण द्यायला सांगितलं. स्पीकर समोर दिसत होते तेव्हा मोठ्या, महागड्या स्पीकरांनी भाव खाल्ला. तेच स्पीकर पडद्याआड गेले आणि गुणांमधला फरक बराच कमी झाला. ऐकणारे तेच, कान तेच!

आणखी एक चकवा असतो तो आवाजाचा. दोन स्पीकरांपैकी एक किंचित मोठ्याने वाजला, तर ‘हा मोठा आहे’ असं आपल्याला वाटतच नाही. ‘हा चांगला आहे’ असंच वाटतं.

मग खरं-खोटं ठरवायचं कसं? अगदी सोपं आहे. ताईला किंवा मित्राला मदतीला घ्या. मोबाइलवर एकच गाणं दोन दर्जांत उतरवून घ्या, एक साधं आणि एक उत्तम. दोन्हींचा आवाज सारखा ठेवा. आधी दोन्ही नीट ऐका, मग डोळ्यांवर रुमाल बांधा. मित्राने नाणं उडवायचं. छापा आला तर साधं लावायचं, काटा आला तर उत्तम. तुम्ही ओळखायचं, त्याने गुपचूप लिहून ठेवायचं. असं दहा वेळा करा. मध्येच ‘बरोबर!’ म्हणून ओरडायला मित्राला सक्त मनाई!

नुसत्या अंदाजानेही साधारण पाच उत्तरं बरोबर येतातच. पण अंदाजाने दहाच्या दहा बरोबर येण्याची शक्यता १,०२४ मध्ये फक्त एक. २००७ साली अमेरिकेत अशाच एका मोठ्या चाचणीचे निकाल छापून आले. त्यात सीडीच्या दर्जाचा आवाज आणि त्याहून वरच्या दर्जाचा आवाज यांतला फरक ओळखायचा होता. ५५४ वेळा विचारलं, २७६ उत्तरं बरोबर आली. जवळजवळ निम्मी!

याचा अर्थ सगळं सारखंच, असा मात्र काढू नका. स्पीकर भिंतीपासून कोपऱ्यात सरकवा, खोलीत जाड पडदे लावा, आवाज खरंच बदलतो. फार बारीक आणि फार लांब तारेनेही बदलतो. काय बदलतं आणि काय नुसतं वाटतं, ते रुमाल बांधल्यावरच कळतं.

तुमच्या चाचणीत दहापैकी किती आले? दहा आले, तर मित्र बदलून परीक्षा पुन्हा द्या. पुन्हा दहा आले, तर तुमचे कान खरंच तयार आहेत!