आधी डॉक्टर, मग दुखणे

घर भाड्याने घ्यायचे तर पाणी किती वाजता येते ते आपण विचारतो. मुलाला शाळेत घालायचे तर शाळा किती लांब, बाई कशा आहेत, फी किती, अशी दहा ठिकाणी चौकशी करतो. पण घरात कुत्र्याचे पिल्लू येते ते मात्र असे अवचित! कुणाच्या तरी कुत्रीला सहा पिल्ले होतात, मुले हट्ट धरून बसतात, आणि पिशवीत घातलेले एक कुंकुं करणारे गाठोडे दिवाणखान्यात येऊन पहिल्याच दिवशी सतरंजी भिजवते. त्याचे नाव काय ठेवायचे यावर तीन दिवस खल होतो. त्याचा डॉक्टर कोण, हा प्रश्न ते पहिल्यांदा ओकेपर्यंत कुणाच्या मनातही येत नाही. आणि पिल्ले ओकतात ती बहुधा रविवारी रात्री.

अशा वेळी माणूस डॉक्टर निवडत नाही. ज्याचे दार उघडे दिसेल तिथे शिरतो, आणि जो आकडा सांगितला जाईल तो मुकाट्याने देतो.

आमच्याकडे चंपी नावाची गावठी कुत्री आहे आणि मनी नावाची, आम्ही तिच्याकडे राहतो अशी समजूत असलेली, एक मांजर आहे. चंपी २०१४ च्या जुलैत आली. तेव्हापासून तिच्या खर्चाची वही मी ठेवते. ह्यांना त्या वहीची फार गंमत वाटते. "चंपीचं इन्कमटॅक्सचं विवरणपत्र भरलंस का?" असे दर एप्रिलमध्ये विचारतात. पण ओळखीपाळखीच्या बायका जेव्हा "वहिनी, तुमचा डॉक्टर कोण हो?" म्हणून येतात, तेव्हा ती वहीच उपयोगी पडते. मी डॉक्टरांचे नाव सांगते, आणि जोडीला एवढेच सांगते की जनावर धडधाकट आहे तोवर एकदा तिथे जाऊन या.

जाऊन पाहायचे काय? काचेचे दार आणि गार हवा पाहायची नाही. भिंतीवर किंवा औषधाच्या चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक आहे का ते पाहायचे. आपल्याकडे १९८४ साली पशुवैद्यक परिषदेचा कायदा झाला. त्याप्रमाणे पदवी घेऊन परिषदेच्या पटावर नाव नोंदवलेला माणूसच जनावरांचा डॉक्टर. खाण्याची पाकिटे, पट्टे आणि रबरी हाडे विकणारा दुकानदार कितीही गोड बोलत असला तरी त्याच्याकडून सुई टोचून घेऊ नये. लस नुसती टोचून भागत नाही. कारखान्यातून निघाल्यापासून ती २ ते ८ अंशांच्या थंडाव्यात राहावी लागते. दुकानात सरबताच्या बाटल्यांशेजारी पडलेल्या लसीत पाणी किती आणि गुण किती, देव जाणे. चांगला डॉक्टर लसीच्या बाटलीवरची चिठ्ठी सोलून आपल्या पुस्तिकेत चिकटवतो. तिच्यावर मुदतीची तारीख असते. ती आपण वाचावी, डॉक्टर रागावत नाहीत. रागावले तर तेही पहिल्याच भेटीत कळलेले बरे.

दुसरे पाहायचे ते त्यांचे हात. तपासण्यापूर्वी ते जनावराला आपला हात हुंगू देतात की नाही? वजन करतात का? तोंड उघडून हिरड्या पाहतात का? आमचे डॉक्टर पहिल्या दिवशी चंपीशेजारी जमिनीवरच बसले. सासूबाई सोबत होत्या. घरी येऊन म्हणाल्या, "माणूस बरा आहे. आपल्या डॉक्टरांनी माझी नाडीसुद्धा एवढा वेळ धरली नव्हती."

तिसरी गोष्ट पैशांची. इथे मात्र आपली मध्यमवर्गीय जीभ टाळूला चिकटते.

याचे कारण मला परळला एकदा उमगले. परळच्या ज्या इस्पितळाला जुने मुंबईकर अजून 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हणतात, ते बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे. मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालयही परळलाच, १८८६ सालचे. मुंबईची ट्राम १८७४ पासून १९०५ पर्यंत घोडे ओढत होते, मालाच्या गाड्या बैल ओढत होते. तेव्हा जनावरांचा डॉक्टर म्हणजे कमावत्या जनावरांचा डॉक्टर. बैल बरा झाला की पुन्हा जुवाखाली जाऊन औषधाचे पैसे फेडी. गाडीवानाला खर्च विचारायची लाज वाटायचे कारणच नव्हते. आपली चंपी काही मिळवून आणत नाही. तिच्यावरचा खर्च हा नुसता मायेचा खर्च, आणि मायेच्या खर्चात 'किती?' असा शब्द उच्चारला की आपली माया कमी पडली, असे आपल्यालाच वाटू लागते.

या लाजेपायी काय होते ते मी आमच्याच इमारतीत पाहिले आहे. तळमजल्यावर एक निवृत्त मास्तर राहतात. २०२२ साली त्यांचा राजा बारा वर्षांचा होता. राजा पाणी फार पिऊ लागला, वाळू लागला. डॉक्टरांनी रक्त तपासून मूत्रपिंडाचा विकार सांगितला. सोनोग्राफी करू, पाच दिवस रोज सलाइन लावू, पुन्हा रक्त पाहू, असे म्हणाले. मास्तरांनी पहिल्या दिवसाचे बिल निवृत्तिवेतनातून चुकते केले, डॉक्टरांना नमस्कार केला आणि पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढले नाहीत. कुणी विचारले तर म्हणत, "बरा आहे. वय झालं, एवढंच."

एका सकाळी जिन्यात राजा पायरी चढता चढता खाली बसला. मास्तर शेजारी बसले होते. मी विचारले तेव्हा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वहिनी, चाळीस वर्षं मुलांना सांगितलं, मुक्या जिवावर दया करा. आता दयेला पैसे नाहीत, असं त्या डॉक्टरला कुठल्या तोंडानं सांगू?"

मी त्यांना दुसरीकडे नेले नाही, त्याच डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "मास्तर, हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत? मला वाटलं, तुम्ही डॉक्टर बदललात." त्यांनी एक कागद घेतला. आज केलेच पाहिजे ते वर लिहिले, महिन्याने चालेल ते खाली लिहिले, आणि सोनोग्राफीवर सरळ रेघ मारली. तिचा निकाल काहीही आला तरी या वयात औषध तेच राहणार होते. कातडीखाली सलाइन कसे द्यायचे ते त्यांनी मास्तरांच्या नातीला शिकवले. सलाइनची बाटली मास्तरांच्या घरी खुंटीवर टांगली जाऊ लागली आणि रोजच्या दवाखान्याच्या फेऱ्या वाचल्या. राजाचा विकार बरा होणारा नव्हताच. पण तो त्यानंतर चौदा महिने जगला, खाऊनपिऊन, सकाळचा फेरफटका मारून. शेवटी उठवेना, तेव्हा डॉक्टर घरी आले आणि मास्तरांच्या मांडीवरच त्याला शांतपणे झोपवले. त्याचाही खर्च किती येईल हे मास्तरांनी महिनाभर आधी विचारून ठेवले होते. तेव्हा त्यांचा आवाज कापला नाही.

म्हणून मी सांगते, पहिल्याच भेटीत विचारावे. आपली फी किती? रात्रीची किती? आपण गावाला गेलात तर आम्ही कुणाकडे जायचे? शस्त्रक्रियेचा अंदाज लिहून द्याल का? आणि पुढे कधी मोठे दुखणे आले, तपासण्यांची यादी हातात पडली, तर आणखी एक प्रश्न: "या तपासणीनं औषध बदलणार आहे का?" या एका प्रश्नाने माझे बरेच पैसे वाचले आहेत. आमच्या उपनगरातल्या एका झगझगीत दवाखान्यात मनीच्या साध्या खाजेवर पाच तपासण्या लिहून मिळाल्या होत्या. हा प्रश्न विचारताच तिथल्या बाई गडबडल्या. दुसऱ्या डॉक्टरांनी बारीक फणी फिरवून पिसवा काढून दाखवल्या, आणि मानेवर टाकायच्या औषधाची एक कुपी दिली.

पण म्हणून प्रत्येक तपासणी म्हणजे लूट, असे समजणेही बरोबर नाही. आपले जनावर 'इथे दुखते' असे सांगत नाही. गोचिडीच्या तापात कुत्रे नुसते गळून बसते. रक्त पाहिल्याशिवाय डॉक्टरांनी ओळखावे तरी कसे? पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टो कुत्र्याला होतो तसा माणसालाही होतो. तिथे चार पैसे वाचवायला जाणे म्हणजे घरातल्या मुलांशी खेळ. रेबीजबद्दल तर बोलायलाच नको. लक्षणे दिसली की त्यावर इलाज नाही, कुत्र्यालाही नाही, माणसालाही नाही. ती लस तिसऱ्या महिन्यात, आणि पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा तेव्हा, न चुकता.

खर्च वाचतो तो खरे म्हणजे इथेच, आधी केलेल्या खर्चात. पिल्लाला सहाव्या ते आठव्या आठवड्यात पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, सोळा आठवड्यांचे होईपर्यंत. 'एकदा टोचलं की झालं' म्हणणाऱ्यांची पिल्ले पार्व्होने रक्ताची हगवण लागून सलाइनवर पडलेली मी पाहिली आहेत. त्यांतली सगळी घरी परत गेली नाहीत. चंपीचे संततिनियमनाचे ऑपरेशन २०१५ मध्ये एका धर्मादाय दवाखान्यात झाले. वहीत आकडा आहे ३,५०० रुपये. माझ्या नणंदेच्या डोंबिवलीच्या सोनीचे झाले नव्हते. २०२२ मध्ये, आठव्या वर्षी, माजावर येऊन गेल्यावर महिन्याभराने सोनी पाणी ढसाढसा पिऊ लागली आणि अन्न सोडून बसली. गर्भाशयात पू झाला होता. त्याच रात्री शस्त्रक्रिया करावी लागली. सोनी वाचली. बिल ३१,००० रुपये. वन्संनी ते माझ्या वहीत स्वतःच्या हाताने लिहिले, आणि खाली दोन रेघा ओढल्या.

सरकारी आणि धर्मादाय दवाखान्यांना आपले लोक उगीच नाके मुरडतात. परळला, नागपूरला, शिरवळला पशुवैद्यक महाविद्यालये आहेत. तिथे शिकवणारे डॉक्टर तपासतात, खर्च बेताचा येतो. रांग मात्र मोठी. डबा आणि वर्तमानपत्र घेऊन जावे. मुंबईत महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटा ट्रस्ट्सचे, लहान प्राण्यांचे मोठे इस्पितळ सुरू झाले. अवघड शस्त्रक्रियेसाठी मोठे ठिकाण आणि नेहमीसाठी घराजवळचा डॉक्टर, अशी वाटणी मला सोयीची वाटते.

विमाही आता मिळतो. घेण्यापूर्वी बारीक अक्षरांतला भाग वाचावा. जुने दुखणे, लसी, उतारवय यांपैकी काय काय वगळले आहे ते तिथे असते. आम्ही विम्याऐवजी चंपीच्या नावाने म्हणून बँकेत आवर्ती ठेव ठेवली आहे. दरमहा ५०० रुपये. बँकेतल्या तरुणाने "वारस कोण लिहू?" विचारले तेव्हा ह्यांनी गंभीरपणे मनीचे नाव सांगितले.

औषधांच्या बाबतीत एक गोष्ट फार महत्त्वाची. कुत्र्यांची कितीतरी औषधे माणसांचीच असतात, ती साध्या केमिस्टकडे स्वस्तात मिळतात. डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव लिहून द्यायला सांगावे, ते देतात. पण यावरून घरातली गोळी आपल्या मनाने जनावराला कधीही देऊ नये. आपण डोके दुखले की घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते. आणि बोका मातीत बसून कुंथत असेल नि लघवी होत नसेल, तर ते बद्धकोष्ठ समजून सकाळपर्यंत थांबू नये. त्याची लघवी अडलेली असते, आणि तासातासाला मोल असते. त्या रात्री लागणारा दूरध्वनी क्रमांक दारामागे आधीच लिहिलेला हवा.

आता दिवाळी. फटाक्यांना भिणाऱ्या कुत्र्यांसाठी डॉक्टर औषध देतात, पण ते आधी देऊन पाहावे लागते; लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सात वाजता फोन करून भागत नाही. शिवाय डॉक्टरांनाही घर आहे, मुले आहेत, गाव आहे. आमचे डॉक्टर दरवर्षी पाडव्याला सासुरवाडीला जातात. वसुबारसेच्या आत मी चंपीची गोळी आणून ठेवते, त्यांच्याऐवजी कोण बघणार ते विचारून घेते, आणि फराळाचा डबा त्यांच्या कंपाउंडरच्या हाती देते. त्यातली चकली चंपीला द्यायची नाही, हे तो मला दरवर्षी बजावतो.