एक्केचाळीस दात आणि राजूर घाट

बुलढाणा जिल्ह्यात तालुके तेरा, पण बोलण्यात भाग दोनच. घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगावराजा, सिंदखेडराजा. घाटाखाली मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. पावसाचा अंदाज असो, सोयरीक असो की तिकीटवाटप, आधी विचारतात ते हेच. हा प्रश्न पिकअपलाही विचारायला हवा. तिचं उत्तर मागच्या दोन चाकांच्या मधोमध, त्या तेलकट लोखंडी गोळ्यात एका आकड्याच्या रूपात बसलेलं असतं. गाडीचा रंग, स्टीलचा डाला, मागे रंगवलेला शेर हे सगळं मालकाला तोंडपाठ असतं, हा आकडा मात्र हजारात एखाद्यालाच ठाऊक.

आकडा येतो कुठून?

इंजिनाचं फिरणं गिअरबॉक्समधून प्रोपेलर शाफ्टवर येतं. शाफ्टच्या टोकाला छोटा पिनियन, त्याला भिडलेला मोठा क्राऊन. क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात, झाला रेशो. क्राऊनला 41 आणि पिनियनला 10 दात असतील तर 4.10. पिनियनला 8 असतील तर 5.125, म्हणजे शाफ्ट पाच फेऱ्यांहून जास्त फिरेल तेव्हा चाक एकदा फिरणार. आकडा मोठा तेवढी ओढ जास्त, पळ कमी. आकडा लहान तर उलट.

आता 41 च का? सरळ 40 करून, 8 ने भाग देऊन, 5 चा गोल आकडा घेता आला नसता का? आला असता, पण मग पिनियनचा प्रत्येक दात आयुष्यभर क्राऊनच्या त्याच पाच दातांवर आपटत राहिला असता. एक दात जरासा खरबडीत निघाला की त्या पाचांची खोड मोडलीच. 41 ही मूळ संख्या, तिला 8 नेही भाग जात नाही आणि 10 नेही. त्यामुळे एक विशिष्ट जोडी पुन्हा भिडायला पिनियनला पूर्ण 41 फेऱ्या लागतात, आणि दरम्यान प्रत्येक दात प्रत्येक दाताला भेटून येतो. झीज सगळ्यांत सारखी वाटली जाते. शाळेत मूळ संख्या कशाला शिकवतात असं विचारणाऱ्या पोराला जॅकवर चढवलेल्या गाडीपाशी न्यावं.

हळू गाडी घाट लवकर चढते

मलकापूरकडून बुलढाण्याला निघालात की मोताळ्यानंतर राजूर घाट लागतो. लोडच्या गाडीचा ड्रायव्हर आणि मेकॅनिक यांच्यातलं बोलणं साधारण असं असतं:

“भाऊ, घाटात गाडी मरते.”

“काहून? तिसऱ्यावर नाही घेत का?”

“तिसरा टाकला की गुडगुड करते अन् बसते. दुसऱ्यावरच आणा लागते.”

“मंग इंजिनचं काम काढू नको. आधी मागचा रेशो पाय.”

मेकॅनिकचं म्हणणं कागदावर तपासू. माल धरून गाडी 3 टन. इंजिनाची ओढ 200 न्यूटन-मीटर, या वर्गातल्या डिझेल पिकअपला साधारण तेवढी असतेच. दुसरा गिअर 2.3 चा, तिसरा 1.4 चा, चाकाची त्रिज्या 35 सेंटिमीटर. चढ दहाला एक. एवढी गाडी वर ढकलायला आणि टायरचा विरोध मोडायला मिळून सुमारे 345 किलोची ओढ लागते. मागे 4.10 असेल तर तिसऱ्या गिअरमध्ये चाकाशी पोचते जेमतेम 300 (वाटेत गिअर आणि बेअरिंग आपली दहा टक्के दस्तुरी कापून घेतात). गाडी बसणारच. 5.125 असेल तर तिसऱ्यातच 375 मिळते आणि गाडी घाट घेते.

पुढचा हिशेब आणखी मजेचा. इंजिन 1,800 फेऱ्यांवर असताना 4.10 वाली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ताशी 25 च्या आसपास चढेल, 5.125 वाली तिसऱ्यात 33 च्या आसपास. म्हणजे सपाटीवर जी हळू म्हणून हिणवली जाते तीच घाटात पुढे निघते. दोन गिअरमधली ही फट कुठे पडते यावर सगळा खेळ आहे, आणि सगळं जग फक्त हॉर्सपॉवर विचारत बसतं.

रेशो कितीही बदला, एक खर्च मात्र सुटत नाही. 3 टनांची गाडी 300 मीटर उंच न्यायची तर निव्वळ उचलण्याच्या कामालाच अंदाजे पाऊण लिटर डिझेल जातं. क्राऊन-पिनियन फक्त हे काम किती आवाजात आणि कोणत्या गिअरमध्ये होईल तेवढं ठरवतो.

कापसाला वारा नडतो, सोयाबीनला चढ

खामगावच्या बाजारात कापूस घेऊन येणारी गाडी बघा. मोकळा कापूस फुगतो. डाला भरून, वर ताडपत्री ताणून, दोर आवळून गाडी केवढी दिसते, पण वजन आकाराच्या मानाने कमीच. अशा गाडीला त्रास चढाचा नाही, वाऱ्याचा. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो, त्यामुळे साठच्या पुढे एवढा मोठा ढीग हवेतून ढकलत नेणं हेच इंजिनाचं मुख्य काम होऊन बसतं. चिखली-मेहकरकडचं सोयाबीन याच्या उलट. पोती डाल्याच्या फळीच्या वर दिसतही नाहीत, आणि पाटे मात्र सरळ झालेले असतात. (परवान्यावर किती टन लिहिलेत हा विषय इथे काढत नाही. ज्याला त्याला आपले पाटे माहीत.)

एकाच मालकाची एकच गाडी दिवाळीआधी सोयाबीन आणि नंतर कापूस ओढते, तेव्हा मधला आकडा निवडणं आलंच. कंपन्याही तेच करतात.

समृद्धीवरचं गणित

11 डिसेंबर 2022 ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या घाटावरच्या तालुक्यांना सपाट, सरळ रस्ता मिळाला. मोटारींना तिथे ताशी 120, मालगाड्यांना 80. म्हणजे पिकअपसाठी प्रश्न ‘किती पळेल’ हा नाहीच. 80 वर इंजिन किती ओरडेल, एवढाच आहे.

215/75 आर 15 हा टायर एका फेरीत सुमारे 2.2 मीटर जातो. ताशी 80 ला चाकाच्या मिनिटाला साधारण 606 फेऱ्या. डायरेक्ट चौथ्या गिअरमध्ये 4.10 वर इंजिन 2,485 फिरतं, 5.125 वर 3,106. तीन हजारांवर डिझेल इंजिन तासन्‌तास ठेवणं म्हणजे कानाला, खिशाला आणि पिस्टनला शिक्षा. पण पाचवा गिअर 0.8 चा असेल तर 5.125 गुणिले 0.8 बरोबर 4.10 येतात! घाटासाठी घेतलेला मागचा रेशो पाचव्या गिअरने हायवेपुरता सौम्य करून दिला. पाचवा गिअर टाकायचा आळस करणाऱ्या ड्रायव्हरला ही ओळ वाचून दाखवावी.

युद्धाची जीप, शेतीची जीप

हा वाद जुना आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचा ॲक्सल 4.88 चा होता. युद्ध संपलं आणि 1945 मध्ये तीच जीप सीजे-2ए नावाने शेतकऱ्यांना विकायला काढली, तेव्हा कंपनीने आकडा 5.38 केला, कारण आता तिला नांगर ओढायचा होता. मुंबईत महिंद्रांनी 1947 मध्ये याच घराण्याच्या जीप जोडायला सुरुवात केली. आपल्याकडच्या काळ्या-पिवळ्या जीप आणि आजच्या बोलेरो पिकअप पुढे त्याच कंपनीतून निघाल्या.

त्याही आधी, 1917 मध्ये फोर्डने एक टनाचा टीटी ट्रक काढला. त्याला मागचे दोन रेशो मिळत: नेहमीचा 7.25 आणि खास 5.17. पहिला घेतला तर ताशी 24 किलोमीटरच्या वर न्यायचा नाही, दुसरा घेतला तर 35 पर्यंत चालेल. आणि फोर्डच्या टी मोटारीचे मालक तर तीव्र चढ उलटं तोंड करून, रिव्हर्समध्ये चढायचे. रिव्हर्सचा गिअर पहिल्याहून जास्त ओढीचा होता. शिवाय पेट्रोल कुठल्याही पंपाविना, टाकीतून उतारानेच इंजिनात यायचं. चढावर नाक वर गेलं की ते तिथवर पोचायचं नाही.

शोरूममध्ये निवड कुठे आहे?

अमेरिकेत पिकअप घेताना 3.55 हवा की 3.73 हे यादीत खूण करून सांगता येतं. आपल्याकडे शोरूममध्ये असा प्रश्न केला तर सेल्समन आधी चहा मागवेल. इथे मॉडेल निवडलं की रेशो सोबत येतो: किती टनाचं, केवढा डाला, कोणता टायर. त्यामुळे टेस्ट ड्राइव्ह शोरूमसमोरच्या रस्त्यावर घेऊन उपयोग नाही. वाळूची पोती टाका आणि घाट दाखवा म्हणावं.

टायरवरून लोक नकळत रेशो बदलतात. 704 मिलिमीटर व्यासाच्या टायरच्या जागी 740 चा बसवला की 4.10 चा ॲक्सल जणू 3.90 चा होतो. डाला उंच झाला म्हणून मालक खूष, घाटात दुसरा गिअर लागतो म्हणून ड्रायव्हर नाराज. आणि काटा 80 दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात 84 वर असते.

क्राऊन-पिनियनच बदलून घेणारेही आहेत. तसं करताना जोडीच घ्यावी. कारखान्यात ते दोघे एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, एकाचा क्राऊन आणि दुसऱ्याचा पिनियन लावला की गाडी रडायला लागते. आणि एकाच मापाच्या क्राऊनला ओढ वाढवायची तर पिनियन लहान करावा लागतो, म्हणजे मजबुतीतून थोडं कापूनच ती मिळते. या गोळ्यातलं ऑइल बदलताना येणारा सडक्या अंड्यासारखा वास बिघाडाचा नाही. 1926 मध्ये पॅकार्डने पिनियन मध्याच्या खाली सरकवलेला हायपॉइड गिअर मोटारीत आणला. त्यात दात एकमेकांवर घसरतात, म्हणून तेलात गंधकाची भर घालावी लागते. इंजिन ऑइल तिथे चालत नाही.

उतारावर न्यूट्रल मारून डिझेल वाचवणारे महाभाग घाटोघाट भेटतात. आजच्या डिझेल इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढला की इंजेक्शनच बंद होतं. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जातच राहतं. ब्रेक तापतात ते वेगळंच. मागचा आकडा मोठा असेल तर इंजिनाचा ब्रेकही तेवढाच दणकट.

खडू घ्या

जुनी पिकअप घेताना विसार देण्याआधी हे करा. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक सोडलेला, कारण तो मागच्याच चाकांवर असतो. मागचं एकच चाक जॅकने उचला आणि ॲक्सलखाली घोडी लावा, नुसत्या जॅकवर विसंबून कुणी खाली शिरू नये. चाकावर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूने रेघ मारा. एकाने चाक बरोबर दोन फेऱ्या फिरवायचं. दोन अशासाठी की दुसरं चाक जमिनीवर थांबलेलं असताना डिफरन्शियल क्राऊनला निम्म्याच फेऱ्या देतं. दुसऱ्याने शाफ्टच्या फेऱ्या मोजायच्या. चार आणि वर थोडंसं आलं तर 4.10 च्या आसपास. पाच ओलांडून रेघ आठव्या हिश्श्याने पुढे गेली तर 5.125. विकणारा “गाडी हायवेचीच चालली आहे” म्हणत असेल आणि टायर मूळ मापाचे नसतील, तर ते मापही तिथेच लिहून घ्या आणि मग भावाचं बोला.