कोलंबो जवळ, मुंबई दूर

जुना रेडिओ समजून घेताना : भाग 6

व्हॉल्व्ह तापून आवाज फुटायला वेळ का लागतो, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. आज बँड स्विच. मर्फी, बुश, फिलिप्स, नॅशनल एको... जुन्या सेटच्या काचेवर सहसा मीडियम वेव्हची एक पट्टी असते आणि शॉर्टवेव्हच्या एक-दोन. नांदेड-लातूरकडे ही शॉर्टवेव्ह चैनीची नव्हती, गरजेची होती.

हा भाग ज्या निजामी राज्यात होता, तिथे हैदराबाद आणि औरंगाबादला रेडिओ केंद्रं होती. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाने युद्धबंदी जाहीर केली तीही रेडिओवरूनच. पण मीडियम वेव्हच्या लहरी दिवसा जमिनीलगत चालतात आणि अंतर वाढेल तशा क्षीण होतात. आकाशाकडे गेलेल्या लहरी आयनांबराचा खालचा थर गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो थर नाहीसा होतो, म्हणून लांबची केंद्रं रात्रीच लागत. परभणीला आकाशवाणी आली ती थेट 1968 मध्ये.

शॉर्टवेव्हच्या लहरी (3 ते 30 मेगाहर्ट्झ) आयनांबराच्या वरच्या थरातून वळून शेकडो कोस दूर जमिनीवर उतरतात. रेडिओ सिलोनचं कोलंबो नांदेडहून सरळ रेषेत सुमारे 1,400 किलोमीटर, म्हणजे एका उडीचं अंतर. मुंबई त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर, आणि नेमकी तीच अडचण! 19 किंवा 25 मीटरच्या शॉर्टवेव्ह पट्टीवर मुंबईहून निघालेली लहर नांदेडच्या डोक्यावरून पार पुढे जाऊ शकते. जवळचं मुकं, लांबचं खणखणीत.

त्यात 1952 मध्ये बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवर सिनेसंगीताची गळचेपी झाली. त्याच वर्षी 3 डिसेंबरला रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. केसकरांनी सिलोनची जेवढी जाहिरात केली, तेवढी कुठल्या टूथपेस्ट कंपनीनेही केली नसेल. आपली चूक सरकारला उमगली ती 1957 मध्ये, विविध भारतीच्या रूपाने. तीही आधी शॉर्टवेव्हवरच.

काटा कुठे न्यायचा याचा ढोबळ नियम असा : दिवसा 19 आणि 25 मीटर, रात्री 41 आणि 49. स्टेशन लागलं तरी आवाज मधूनच बुडतो, कारण एकच लहर दोन वाटांनी येते आणि त्या वाटा कधी एकमेकींना साथ देतात, कधी छेद. सेटमधलं स्वयंचलित नियंत्रण हा चढउतार बराच सावरतं, पण एरियल धड नसेल तर तेही हतबल. माळवदावर दोन बांबूंमध्ये ताणलेली तांब्याच्या जाळीची पट्टी आणि मीठ-कोळसा भरलेल्या खड्ड्यातलं अर्थिंग, एवढ्यावर फरक लगेच कळतो. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी ओतावं लागतं.

आजोबांचा सेट माळ्यावरून काढलात तर थेट प्लग लावू नका. कागदी कंडेन्सर गळके झालेले असतात आणि त्यांच्यापायी आउटपुट व्हॉल्व्ह किंवा ट्रान्सफॉर्मर जळतो. ते आधी जाणकाराकडून बदलून घ्या. एसी-डीसी सेटच्या चॅसीत तर थेट मेन्सचा करंट असू शकतो, तेव्हा मागचं झाकण उघडून हात घालू नका. रेडिओ लागला आणि शॉर्टवेव्हवर नुसतीच खरखर आली, तर घरातले एलईडी दिवे बंद करून पाहा.