इंदूरचा सराफा : दिवसाचा आणि रात्रीचा

इंदूरला पाहुणा आला की त्याला कोठे न्यावे, हा प्रश्न यजमानाला पडत नाही. सकाळी पोहे-जिलबी आणि रात्री सराफा, हा क्रम येथे ठरूनच गेलेला आहे.

१८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि येथील मराठी वस्ती वाढत गेली. पोहे आपल्याबरोबरच इकडे आले, असे आपली वडीलधारी मंडळी मानतात. पण गाड्यावरचे पोहे आता पुरते माळवी झाले आहेत. ते वाफेवर मऊ राखतात. वर शेव, कांदा आणि जिरावण भुरभुरतात. घरच्या ओल्या खोबऱ्याच्या पोह्यांशी तुलना करून त्यांना नाक मुरडू नये.

राजवाड्यामागच्या ज्या बोळांत दिवसभर सोने-चांदी तोलली जाते, तेथेच पेढ्या बंद झाल्यावर, रात्री नवाच्या सुमारास, चुली पेटतात. मध्यरात्र उलटून गेली तरी गर्दी ओसरत नाही. तुपात परतून दुधात शिजविलेला भुट्ट्याचा कीस, खोबऱ्याचे पॅटीस, दहीवडा आणि थोराड जलेबा ही तेथील मानाची पाने. हिवाळ्यात गराडू नावाचा कंद तळून, लिंबू पिळून देतात. शिकंजी मागविली तर लिंबाचे सरबत येईल, या भ्रमात राहू नये. येथील शिकंजी आटीव दुधाची, केशर-वेलचीची असते. साबुदाण्याची खिचडीही येथे उपवासावाचून खातात!

या वैभवाला अलीकडे चिंतेची किनार लागली आहे. ठेले वाढले, अरुंद बोळांत गॅसच्या टाक्या आल्या. आगीच्या भीतीने सराफ व्यापाऱ्यांनी २०२५ मध्ये ठेले अन्यत्र हलविण्याची मागणी केली. त्यांची भीती अनाठायी म्हणता येणार नाही. परंतु पिढ्यान्‌पिढ्या एकाच ओट्यावर बसून एकच जिन्नस करणाऱ्यांना आणि काल-परवा आलेल्या नूडल्सच्या गाड्यांना एकाच मापाने मोजणे न्याय्य नव्हे. ठेले मोजके राहावेत, जुने राहावेत, वाट मोकळी असावी.

यात आपलाही वाटा आहे. मुलाबाळांना घेऊन जाल तेव्हा जे कोठेही मिळते ते तेथे मागू नका. कीस मागा, गराडू मागा. गिऱ्हाईक जे मागते, तेच बाजारात टिकते.